'शून्य अपघात' आणि त्याखालच्या तळटीपा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अर्थविषयक पानावर एका तेल कंपनीच्या वार्षिक शाश्वतता अहवालाची बातमी वाचली. 'वर्षभरात एकही अपघात नाही', 'प्रति बॅरल उत्सर्जनात घट', 'परिसरातील सर्व तक्रारींचे निवारण' ही तीन वाक्यं ठळक टाइपात होती. बातमीत चूक नाही, अहवालात तसंच छापलं आहे. मी तो अहवाल मिळवला आणि दोन रात्री बसून तळटीपांसकट वाचला. त्या तळटीपांतलं काहीच बातमीत आलेलं नाही, म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे याची जाणीव आहे. जागेअभावी कापावं लागलं तर माझ्याबद्दलचा मजकूर कापा, फिटरचा ठेवा.

मी दुसऱ्या एका तेल कंपनीत ३१ वर्षं नोकरी केली. पहिली १४ वर्षं प्रयोगशाळेत सांडपाण्याचे नमुने तपासले, पुढची १७ वर्षं सुरक्षा व पर्यावरण विभागात आकडे गोळा केले. किती माणसं जखमी झाली, किती तेल सांडलं, फ्लेअरला, म्हणजे नको असलेला गॅस जाळणाऱ्या उंच चिमणीला, किती गॅस जळला, कुंपणाबाहेरच्या लोकांनी किती तक्रारी केल्या, हे सगळं दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या टेबलावर यायचं आणि १० तारखेपर्यंत एका तक्त्यात बसवून वर पाठवायचं. असे आकडे कुठे बनतात, कोणाच्या फोननंतर बदलतात, हे मी पाहिलं आहे. त्यातला एक मी स्वतः बदलला आहे.

आमच्या मुख्य फाटकाशी एक मोठा फलक होता: 'अपघाताविना इतके दिवस'. रोज सकाळी सुरक्षारक्षक शिडीवर चढून आकडा बदलायचा. तो आकडा हजाराच्या जवळ आला तसा सगळ्यांचा जीव त्यात अडकू लागला. हजार झाले की प्रत्येकाला भेटवस्तू मिळणार होती, प्रमुखांच्या वार्षिक मूल्यमापनात गुण मिळणार होते. अशा दिवसांत एका पंपाचं कपलिंग बसवताना एका कंत्राटी फिटरच्या उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली. नियम साधा होता. माणूस पुढच्या पाळीला कामावर येऊ शकला नाही, तर तो 'लॉस्ट टाइम' अपघात, आणि फलक पुन्हा शून्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराच्या जीपने त्याला घरून उचलून आणलं आणि आमच्या विभागात एका खुर्चीवर बसवलं. हात गळ्यात बांधलेला, समोर फायलींचा गठ्ठा. त्याला 'हलकं काम' दिलं होतं. फायली इंग्रजीत होत्या आणि त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तो अकरा दिवस येऊन बसला. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, "मॅडम, माझं नाव कुठे लिहिलंय ना?" मी हो म्हटलं. प्रत्यक्षात त्या महिन्याच्या तक्त्यात मी लिहिलं होतं: 'प्रथमोपचार: १'. नावाचा रकानाच नव्हता. अकराव्या दिवसानंतर त्याचा गेटपास वाढवला गेला नाही. फलकावर हजार झाले, भेटवस्तू सगळ्यांना मिळाली. मीही घेतली.

'शून्य' वाचलं की मला आधी तो माणूस दिसतो. दर महिन्याला सुजलेली बोटं आणि टाके मोजता मोजता ज्याच्याकडे आमचं लक्ष गेलं नाही, ते त्याहून मोठं आहे, आणि तेलधंद्याने ते फार मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे. म्हणून आता जरा तपशिलात जाते.

२३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटी इथल्या बीपी कंपनीच्या रिफायनरीत स्फोट झाला. १५ माणसं गेली, १८० च्या आसपास जखमी झाली. दुरुस्तीनंतर एक १७० फुटी टॉवर पुन्हा सुरू करत होते. त्याच्या तळाशी साडेसहा फूट द्रव असायला हवा होता. प्रत्यक्षात तो १५८ फुटांपर्यंत भरत गेला आणि नियंत्रण कक्षातलं यंत्र दाखवत होतं जेमतेम आठ फूट, तेही हळूहळू उतरताना. त्या यंत्राला नऊ फुटांच्या वरचं काही मोजताच येत नव्हतं आणि त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची जुळणीही चुकलेली होती. वरच्या पातळीला वाजणारा धोक्याचा दुसरा, राखीव भोंगा वाजलाच नाही. शेवटी टॉवर वरून भरून वाहिला, पेट्रोलसारखा ज्वलनशील द्रव एका जुन्या उघड्या धुराड्यातून कारंज्यासारखा बाहेर आला आणि पेटला. मृत्यू पावलेले पंधराच्या पंधरा जण कंत्राटी होते, जवळ उभ्या केलेल्या ट्रेलरमधल्या तात्पुरत्या कचेऱ्यांत किंवा त्यांच्या आसपास. या रिफायनरीचा आदल्या वर्षीचा जखमांचा दर अतिशय कमी होता. घसरून पडणं, हात कापणं, डोळ्यात कण जाणं, हे सगळं चोख मोजलं जात होतं आणि त्यावरून सगळं ठीक आहे असं मानलं जात होतं.

अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जानेवारी २००७ मध्ये यावर अहवाल दिला. त्यातला मुख्य मुद्दा हाच: माणसांच्या किरकोळ जखमांचा दर पाहून संयंत्राची सुरक्षितता कळत नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे २०१० मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने यासाठी चार पायऱ्यांची मोजणी ठरवली. वरच्या दोन पायऱ्यांवर प्रत्यक्ष गळती आणि फुटणं मोजायचं. तिसरीवर सुरक्षायंत्रणा किती वेळा पणाला लागली ते, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह उडाले, पातळी मर्यादेबाहेर गेली. चौथीवर रोजची शिस्त, म्हणजे तपासणी वेळेवर झाली का, थकलेल्या दुरुस्त्या किती. खालच्या दोन पायऱ्यांचे आकडे कंपन्या बहुधा आतल्या आत ठेवतात. मी वाचलेल्या अहवालातही पहिल्या दोनच आहेत. थकलेल्या दुरुस्त्यांची यादी कुठल्याही संयंत्रातल्या मेंटेनन्सवाल्याला तोंडपाठ असते. तीच एक यादी मला कोणी दिली तर फलकाकडे पाहण्याची गरज उरणार नाही.

२० एप्रिल २०१० चा दिवस यातल्या लोकांना तर विसरताच येणार नाही. मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या ड्रिलिंग रिगवर त्या दिवशी बीपी आणि रिगची मालक ट्रान्सओशन या दोन्ही कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी आले होते. रिगवर सात वर्षांत एकही 'लॉस्ट टाइम' अपघात नव्हता, त्याचं कौतुक या भेटीत होतं. त्याच संध्याकाळी विहिरीच्या दाबाच्या चाचणीचं वाचन संशयास्पद आलं आणि ते ठीक आहे असं समजून काम पुढे नेलं गेलं. रात्री स्फोट झाला. ११ माणसं गेली, ८७ दिवस तेल समुद्रात जात राहिलं. त्यानंतरच्या वर्षी ट्रान्सओशनने भागधारकांना पाठवलेल्या कागदपत्रात २०१० हे सुरक्षिततेच्या मोजमापांनुसार आपलं सर्वोत्तम वर्ष ठरल्याचं नमूद केलं आणि वरिष्ठांना त्यासाठी बोनस दिला. मेलेल्या ११ पैकी ९ जण त्याच कंपनीचे होते. टीका झाल्यावर अधिकाऱ्यांनी ते पैसे मृतांच्या कुटुंबांच्या निधीला दिले. मोजणीची पद्धत आधीच ठरलेली होती, तिच्यात आकडे भरले आणि उत्तर तसं आलं. असा तक्ता सतरा वर्षं भरल्यामुळे मला हे कळतं आणि म्हणूनच ते जास्त लागतं.

आता 'निअर मिस' म्हणजे थोडक्यात टळलेल्या घटनांविषयी. वरून पाना पडला पण कोणाला लागला नाही, पायाखालचं ग्रेटिंग (लोखंडी जाळी) सैल होतं, परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीवर, गॅस टेस्टची वेळच लिहिलेली नव्हती, अशा गोष्टी कामगारांनी चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायच्या. आमच्या एका युनिटमधून महिन्याला तीस-पस्तीस चिठ्ठ्या यायच्या. अक्षर वाईट, कधी ग्रीसचे डाग, पण माहिती सोन्यासारखी. एका आढावा बैठकीत नव्याने आलेल्या प्रमुखांनी आलेख पाहिला आणि विचारलं, "तुमच्याच युनिटात एवढे का?" प्रश्नात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असेल. पण युनिटच्या साहेबांनी मान खाली घातली आणि पुढच्या महिन्यात पेटीत चार चिठ्ठ्या निघाल्या. त्या वर्षी आमच्या अहवालात ही घट 'सुधारणा' म्हणून गेली.

परमिटवरची एक न लिहिलेली ओळ किरकोळ वाटते. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर आल्फा या तेलफलाटावर दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढून तिथे नुसती झाकणी बसवली होती. तसं सांगणारं परमिट रात्रपाळीच्या हाती लागलं नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा चालू केला. झाकणीतून गळती झाली आणि स्फोट झाला. १६७ माणसं गेली. एका कागदाची ही गोष्ट आहे. तसला कागद चुकल्याची चिठ्ठी ज्या पेटीत येते ती पेटी रिकामी झाली म्हणून आम्ही आनंद मानत होतो.

रिफायनरीत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू असतो. सडक्या अंड्यांचा वास येतो तो हाच. अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे १०० भाग झाले की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. त्याहून बरंच जास्त प्रमाण झालं तर माणूस तिथेच कोसळतो. नवीन येणाऱ्याला आम्ही पहिल्या दिवशी सांगायचो की वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नको. हेच वाक्य मला चिठ्ठ्यांच्या त्या आढावा बैठकीत उठून म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

दर काढताना तासांचा भागाकार असतो, तिकडेही पाहा. 'लॉस्ट टाइम' अपघातांचा दर बहुतेक ठिकाणी दहा लाख मनुष्यतासांमागे काढतात. भाजकात कार्यालयातल्या लोकांचे तास मिळवले की दर आपोआप उतरतो. कंत्राटी कामगारांचे तास हजेरीवरून किंवा अंदाजाने पूर्ण धरले जातात, त्यांच्या जखमा मात्र ठेकेदाराने कळवल्या तरच अंशात येतात. आणि जो ठेकेदार कळवतो त्याला पुढचं काम मिळणं अवघड होतं. आपण बातमी दिलेल्या अहवालात पाचव्या प्रकरणाखाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे की 'कंत्राटी मनुष्यतास अंदाजित आहेत'. शून्याच्या बातमीत ही ओळ हवी होती.

पर्यावरणाच्या आकड्यांबद्दल माझं मत प्रयोगशाळेत बनलं. सांडपाण्याचा नमुना दोन तऱ्हेने घेता येतो. एक, बाटली बुडवून एकदा घेतलेला. दुसरा, चोवीस तास थोडा थोडा जमवून एकत्र केलेला. एकदाच्या नमुन्याची वेळ आमच्याकडे सकाळी दहाची होती, तेव्हा सगळं शांत असायचं. टाक्यांचा निचरा रात्री व्हायचा. मी प्रामाणिकपणे तपासायचे, तेल आणि ग्रीस, फिनॉल, सल्फाइड, सगळं मर्यादेत यायचं. मी दिलेला आकडा खोटा नव्हता. तो दहा वाजताचा होता.

मिथेनचं तसंच आहे, फक्त प्रमाण प्रचंड. हा वायू वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशीपटींहून जास्त तापवतो. तो हजारो फ्लँज (पाइपांचे जोड), व्हॉल्व्ह, पंपांची सील यांतून थोडा थोडा सुटतो. वर्षानुवर्षं त्याचा हिशेब असा होत आला आहे: व्हॉल्व्ह किती ते मोजा, एका व्हॉल्व्हमागे ठरलेल्या आकड्याने गुणा. म्हणजे गळकी गॅस्केट बदलली तरी कागदावर काही बदलत नाही आणि महिनाभर फसफसत ठेवली तरी बदलत नाही. फ्लेअरमध्ये गेलेला ९८ टक्के गॅस जळतो असंही धरून चालतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तेलक्षेत्रांवरून विमान नेऊन मोजलं, तेव्हा विझलेल्या आणि अर्धवट पेटणाऱ्या फ्लेअर धरून प्रत्यक्षात ९१ टक्क्यांच्या आसपास मिथेन नष्ट होत असल्याचं दिसलं. ९८ आणि ९१ जवळचे वाटतात. न जळता सुटणारा भाग मात्र दोनाचा नऊ होतो, चौपटीहून अधिक. आज गळती दिसणारे कॅमेरे आहेत, उपग्रह आहेत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाची २०२० पासूनची एक चौकट आहे, जिच्यात पाच पायऱ्या आहेत आणि सर्वांत वरच्या पायरीवर प्रत्यक्ष मोजमाप लागतं. कंपनी कोणत्या पायरीवर आहे, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

'प्रति बॅरल घट' या शब्दांत एकूण उत्सर्जन वाढलं की कमी झालं ते कळत नाही. शिवाय त्याच पानाच्या तळटीपेत आहे की वर्षभरात विकलेली दोन जुनी क्षेत्रं हिशेबातून वगळली आहेत. क्षेत्रं चालूच आहेत, नवा मालक चालवतो आहे. आणि विकलेलं तेल जळून जे होतं ते, जे या धंद्याच्या एकूण उत्सर्जनाचा बहुतांश भाग आहे, त्याला अहवालात अर्धं पान आहे.

तक्रारींवर मात्र मला थांबायला हवं. कुंपणाबाहेरच्या लोकांचं आमच्याकडे एक रजिस्टर होतं. रात्री फ्लेअरचा उजेड खिडकीतून येतो, मुलं झोपत नाहीत. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते. डोकं दुखतं. आमच्या व्याख्येत तक्रारदाराला पत्र गेलं की तक्रार 'बंद'. पत्राचा मसुदा एकच होता, तारीख बदलायची. त्यामुळे आमचं 'निवारण' दरवर्षी १०० टक्के असायचं. त्याच घरातून तीच तक्रार पुन्हा आली तर तिला नवा क्रमांक मिळायचा. एक बाई सहा वर्षं लिहीत होत्या, अक्षर मी ओळखायला लागले होते. सातव्या वर्षी त्यांचं पत्र आलं नाही. रजिस्टरमध्ये त्याची नोंद करायला जागा नव्हती.

नायजेरियातल्या ओगोनीलँडमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने पाहणी करून २०११ मध्ये अहवाल दिला. तिथे १९९३ नंतर शेल या तेल कंपनीने तेल काढणं बंद केलेलं होतं. तरी एका वस्तीतल्या पिण्याच्या विहिरींत बेंझिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त सापडलं. शेलच्या उपकंपनीच्या दप्तरी साफसफाई पूर्ण झालेल्या १५ जागा पुन्हा तपासल्या, त्यांपैकी १० जागांवर प्रदूषण कंपनीच्याच ठरवलेल्या पातळीपेक्षा जास्त निघालं. दप्तरी ती कामं 'बंद' झालेली होती. ते वाचताना मला आमचं रजिस्टर आठवत होतं.

कोणी म्हणेल की कंपन्या मोजतात तरी, पूर्वी तेही नव्हतं. ते मला मान्य आहे. १९८५ पासून तेलउत्पादकांची आंतरराष्ट्रीय संघटना सुरक्षेचे आकडे गोळा करते आहे आणि तेल व वायू क्षेत्रासाठी अहवाल कसा लिहावा याचे स्वतंत्र जागतिक मानक २०२१ मध्ये आले. मोजण्यावर माझा विश्वास आहे, आयुष्य त्यात गेलं. पण ज्या आकड्यावर साहेबाचा बोनस आणि ठेकेदाराचं पुढचं काम टांगलेलं असतं, तो आकडा देणाऱ्या माणसाकडून खरं बोलण्याची अपेक्षा करणं हा त्या माणसावर अन्याय आहे. जखमांचा दर बोनसमधून काढून टाकावा. बोनस द्यायचाच तर किती चिठ्ठ्या आल्या आणि त्यांतल्या किती गोष्टी महिन्याभरात प्रत्यक्ष दुरुस्त झाल्या यावर द्यावा. तक्रार 'बंद' झाल्याची सही तक्रारदाराची असावी. आणि जखमींच्या तक्त्यात कंत्राटी माणसासाठी नावाचा रकाना असावा, त्याची एक प्रत त्याच्या हातात पडावी. असा कागद त्या फिटरकडे असता तर गेटपास थांबल्यावर दाखवायला त्याच्याजवळ काहीतरी राहिलं असतं.

संपादक महाशय, आपल्या वार्ताहरांवर माझा रोख नाही. तीनशे पानी अहवालाचं दोन पानी प्रसिद्धिपत्रक येतं आणि संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची असते. मला वेळ आहे. अहवालाच्या प्रतीवर मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत: अंदाजित तास, वगळलेली क्षेत्रं, मिथेनची पद्धत, 'निवारण' शब्दाची व्याख्या, आणि थकलेल्या दुरुस्त्यांचा उल्लेख जिथे असायला हवा होता तो कोरा समास. कंपनीच्या वार्षिक सभेची तारीख जवळ आली आहे. त्याआधी आपल्याकडचं कोणी आलं तर ही प्रत देईन आणि प्रश्न कोणत्या शब्दांत विचारले तर उत्तर टाळता येत नाही तेही सांगेन.

आपली,
तेल कंपनीतील एक निवृत्त कर्मचारी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)